सेट खराब नाही ताई, निबचा कोन उलटा आहे: देवनागरी कॅलिग्राफीला सुरुवात करताना

ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. जुळे सोलापूरला राहतात, नोकरी करतात, ऑनलाइन एक कॅलिग्राफी सेट मागवला, त्यात एक पेन, सहा निबा, शाईच्या कार्ट्रिज आणि एक छोटं पुस्तक. पुस्तक बघून एबीसीडी बरी जमली, पण मराठी लिहायला घेतलं की अक्षर परकं दिसतं, काय चुकतंय ते कळत नाही, वर शाई फुटते. मार्गशीर्षात भाचीचं लग्न आहे, पाकिटांवर नावं स्वतःच्या हातानं लिहायचीत. अक्षर मुळात वाईट आहे तर जमेल का, अजून काय काय घ्यावं लागेल, क्लास लावू का, आणि मुलगा डावखुरा आहे तोही मागे लागलाय, त्याचं काय करू.

मी मूळचा बोर्ड रंगवणारा पेंटर, फ्लेक्स आल्यावर ते काम आटलं आणि शिकवण्याकडे वळलो, त्यामुळे उत्तर जरा कारागिराच्या बाजूनं येईल, आर्ट कॉलेजच्या भाषेत नाही. आणि लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी ते परकं का दिसतं ते बघू, कारण हे एकदा कळलं की अर्धी खरेदी आपोआप रद्द होते. तुमच्या सेटमधली निब चपट्या टोकाची आहे, बरोबर? अशा निबेला जाड-बारीक रेघ काढायला दाब द्यावा लागत नाही, टोक कागदावर कुठल्या कोनात टेकलंय त्यावर सगळं ठरतं. टोकाच्या दिशेनंच रेघ सरकवली तर केसासारखी बारीक येते, टोकाला आडवी नेली तर पूर्ण जाड येते. आता इंग्रजी लिपीची सगळी जाड-बारीक रचना एका बाजूच्या कोनावर उभी आहे आणि आपल्या देवनागरीची बरोबर उलट्या बाजूच्या. इंग्रजीत वरून डावीकडून खाली उजवीकडे उतरणारी तिरकी रेघ जाड असते. देवनागरीत तीच बारीक असते, आणि वरून उजवीकडून खाली डावीकडे येणारी जाड. ष च्या पोटातली तिरकी रेघ आठवा, किंवा र चा पाय. जुन्या पोथ्यांत, चांगल्या जुन्या छपाईत त्या रेघा नाजूक असतात, र चा पाय बारीक निघून शेवटी थोडा भरतो. तुमच्या सेटच्या पुस्तकातल्या पद्धतीनं पेन धरलं की र चा पाय एकदम खांबासारखा जाड येणार आणि व चं पोट वर रोडावून खाली डावीकडे सुजणार. डोळ्याला सवय असते हो आपल्या, आयुष्यभर मराठी वाचलेलं असतं, त्यामुळे कारण सांगता येत नाही पण खटकतं लगेच.

म्हणून पहिली टेस्ट, आत्ताच करा. कागदावर एक अधिकचं चिन्ह काढा आणि शेजारी एक फुली. अधिकच्या दोन्ही रेघा, उभी आणि आडवी, सारख्या जाडीच्या आल्या म्हणजे कोन ४५ अंशाच्या जवळ आहे. मग फुली बघा. डावीकडून उजवीकडे खाली उतरणारी रेघ केसासारखी आणि दुसरी भरगच्च आली तर तुम्ही देवनागरीच्या कोनात आहात. उलटं आलं तर इंग्रजीच्या. रोज बसल्यावर ही दोन चिन्हं आधी, मग बाकीचं. माझ्याकडे वर्षानुवर्षं शिकणारे पण करतात, मी पण करतो. ४५ अंशात उभी-आडवी रेघ निबेच्या रुंदीच्या साधारण ७० टक्के जाड येते, म्हणजे ३ मि.मी.ची निब असेल तर काना आणि शिरोरेषा दोन्ही २ मि.मी.च्या थोड्या वर, आणि मराठी अक्षर जे काना-शिरोरेषेमुळे ठामपणे उभं राहिल्यासारखं वाटतं ते ह्या सारखेपणामुळेच.

आता उजव्या हाताच्या माणसाची अडचण अशी की पेन नैसर्गिक धरलं की त्याची दांडी आपल्या उजव्या खांद्याकडे झुकते आणि सरळ कापलेली निब आपोआप इंग्रजीच्या कोनात बसते. देवनागरीसाठी मनगट पिळावं लागतं, ते दहा मिनिटांत दुखतं. यावर आपल्या लोकांनी फार पूर्वी उपाय काढलाय, टोकच तिरकं कापायचं. बोरू (बांबूचं कापलेलं पेन) असो, टाक (शाईत बुडवून लिहायचं निबेचं पेन) असो की कटनिब (तिरक्या कापाची निब), पेन टेबलावर टोक पुढे करून धरा, टोकाचा डावा कोपरा पुढे आणि उजवा मागे, असा काप पाहिजे. दुकानात कटनिब मागितली की कुठल्या बाजूचा काप आहे ते बघून घ्या, दोन्ही बाजूंचे येतात आणि दुकानदाराला फरक माहीत असेलच असं नाही. दुकानातच अधिक आणि फुली काढून बघा, लाजायचं काय त्यात.

सगळा कोन कापानंच मिळवायचा असंही नाही. थोडा काप, थोडं पेन सरळ उभं धरणं (म्हणजे दांडी खांद्याकडे न झुकता आपल्या छातीकडे यायला पाहिजे) आणि थोडा कागद फिरवणं. कागदाचा वरचा भाग डावीकडे कलवा, उजव्या हातानं लिहिणारे बरेचजण नाहीतरी तसं करतातच. हे तिन्ही मिळून ४५ अंश जमले की झालं. सेटमधल्या सरळ निबेनं पण जमतं, नाही असं नाही, कागद बराच फिरवावा लागतो एवढंच.

आणि इथेच तुमच्या मुलाचा प्रश्न सुटतो. डावखुऱ्या माणसाची दांडी डाव्या खांद्याकडे जाते, त्यामुळे सरळ कापलेली साधी निब त्याच्या हातात आपोआप देवनागरीच्या कोनात बसते! म्हणजे ज्या सेटनं तुम्हाला छळलं तो त्याला जसाच्या तसा चालेल. फक्त हात ओळीच्या खाली ठेवून लिहितो का ते बघा. वरून हात वाकवून लिहीत असेल तर गणित बदलतं, आणि ओल्या शाईवर हात पण फिरतो. खालून लिहीत असेल तर त्याला ते पेन देऊन टाका आणि तुम्ही दुसरं घ्या. इंग्रजी कॅलिग्राफीत डावखुऱ्यांना फार त्रास, खास निबा लागतात, आपल्या लिपीत त्यांची चैन आहे. घरोघरी उजव्या हातात पेन्सिल कोंबणाऱ्या आजी-आजोबांना हे सांगायला पाहिजे.

काय घ्यावं. सुरुवातीला काहीच नाही, खरंच. घरातल्या दोन पेन्सिली घ्या, रबर बँडनं घट्ट बांधा, डावी पेन्सिल थोडी पुढे सरकवून. ही झाली तुमची पहिली कटनिब, रुंदी साधारण ७ मि.मी. यात जाड रेघेच्या दोन्ही कडा वेगळ्या दिसतात, कोन कुठे बिघडला ते लगेच दिसतं, शाईत ते लपतं. कागद पण कसलाही चालतो, रद्दी चालते. पहिला आठवडाभर एवढंच करा असं सांगितलं की लोक नाराज होतात, त्यांना शाई पाहिजे असते, इन्स्टाग्रामवर शाई चमकताना दिसते ना. पण जे ऐकतात ते पुढे पळतात.

मग मार्कर. चपट्या टोकाचे कॅलिग्राफी मार्कर १, २, ३ मि.मी.मध्ये मिळतात, सोलापुरात नवी पेठेत मोठ्या स्टेशनरीच्या दुकानात विचारा. पहिला ३ मि.मी.चाच घ्या किंवा त्याहून मोठा, १ चा अजिबात नको. बारीक टोकात चूक दिसत नाही आणि दिसली नाही तर सुधारणार कशी? मार्करचं टोक फेल्टचं असतं, नव्या ब्लेडनं एका झटक्यात हवं तेवढं तिरकं कापता येतं. करवतीसारखं घासत बसू नका, धागे निघतात.

बोरू मला स्वतःला सगळ्यात आवडतो, आणि हे जुनं ते सोनं म्हणून नाही. धातूची निब खालून वर ढकलली की कागदात रुतते, शिंतोडे उडतात, बोरू मऊ असतो, ढकलला तरी चालतो, आणि देवनागरीत गोलाई भरपूर असल्यामुळे ढकलायच्या जागा फार येतात. तयार मिळाला तर घ्या, नाहीतर टोपल्या विणणाऱ्या बुरुडांकडून सुकलेल्या बारीक बांबूचे तुकडे आणा, पेन्सिलीएवढे जाड, गाठ नसलेले. एका टोकाला दीड-दोन इंच लांब उतार तासा, आतला मऊ गर खरवडून काढा, टोक पातळ झालं की मधोमध एक चीर द्या साधारण एक सेंटिमीटरची, चिरेतूनच शाई टोकापर्यंत उतरते. शेवटी टोक फरशीच्या तुकड्यावर किंवा जाड काचेवर ठेवून वरून कटर दाबून तिरका काप, एकाच दाबात. लाकडी पाटावर कापलं की टोक चेचतं. शाई जास्त वेळ टिकावी म्हणून कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा कापून त्याची बारीक पट्टी वाकवून आत बसवतात, ती शाई धरून ठेवते. पत्र्याची धार लागते, मुलाला करू देऊ नका. टोक झिजलं की पुन्हा कापायचं, एक बोरू महिनोनमहिने जातो आणि खर्च जवळपास शून्य.

पायलटचं पॅरलल पेन पण लोक विचारतात. १.५, २.४, ३.८ आणि ६ मि.मी. असे आकार मिळतात, दोन पत्र्यांमधून शाई येते, फार गुळगुळीत चालतं आणि टोक सरळ असल्यामुळे डावखुऱ्यांना छान. चांगलं पेन आहे, महाग आहे, सहा महिन्यांनी घ्या. तोवर हात टिकला तर.

शाईबद्दल जरा सोलापूरचंच बोलू, कारण पुण्या-मुंबईच्या व्हिडिओत हे कोणी सांगत नाही. आपल्याकडे मार्च ते जून पारा चाळिशी ओलांडतो, हवा कोरडी, पंख्याशिवाय बसवत नाही, आणि पंख्याखाली निबेवरची शाई अक्षर पूर्ण व्हायच्या आत सुकते. मग माणूस निबेवर दाब देतो आणि निब फाकते. उन्हाळ्यात सकाळी लवकर बसा, दौत लहान तोंडाची घ्या, शाई थोडी थोडी बुडवा आणि ओळ झाली की ओल्या फडक्यानं टोक पुसा. शाई घट्ट झाली तर डिस्टिल्ड वॉटरचे दोन-चार थेंब, पेट्रोल पंपावर बॅटरीत घालायला मिळतं तेच. बोअरचं पाणी नको, आपलं पाणी क्षाराचं, शाईत कण धरू शकतात, मग चीर तुंबते. पावसाळ्यात उलटं, शाई वाळतच नाही आणि कागद सादळतो, तेव्हा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा.

शाई कुठली? बोरू आणि टाकाला कॅमलिनची काळी वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक चालते, काळी कुळकुळीत येते. पण ती फाउंटन पेनात किंवा कार्ट्रिजच्या पेनात भरायची नाही, वाळली की पेन कायमचं बंद. फाउंटन पेनला फाउंटन पेनचीच शाई. रंग पाहिजे असेल तर पोस्टर कलर दुधाइतका पातळ करून ब्रशनं निबेवर भरा, शाळकरी डबीतला चालतो. आणि नवी धातूची निब आणली की शाई तिच्यावर थांबत नाही, थेंब थेंब होऊन ओघळते, ते निबेवर गंजू नये म्हणून लावलेलं तेल असतं. कोमट पाणी, भांड्याचा साबण, जुना टूथब्रश, काम झालं. लिहून झाल्यावर धुवायची आणि लगेच कोरडी पुसायची, नाहीतर एका रात्रीत गंज.

शाई फुटते म्हणालात तो दोष शाईचा असेलही पण बहुतेक वेळा कागदाचा असतो. झेरॉक्सचा कागद ७० ते ८० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचा), आतून टिपकागदच म्हणा, ओली शाई तंतूंतून पसरते. १०० जीएसएमचा बाँड पेपर घ्या, तो बहुतेक वेळा बरा वागतो, लेजर पेपर (हिशेबाच्या वह्यांचा) अजून चांगला. कार्ट्रिज पेपर (चित्रकलेचा जाड कागद) शेवटच्या कामाला. हँडमेड पेपर दिसायला देखणा पण खरबरीत, बोरूला चालतो, धातूच्या निबेत त्याचे तंतू अडकतात, नवशिक्यानं लांब राहावं. स्वस्तात पाहिजे असेल तर कुठल्याही प्रिंटिंग प्रेसमध्ये जा, आपल्या गावात प्रेसला तोटा नाही, दाते पंचांग इथूनच निघतं, पत्रिका-पावती पुस्तकांचं काम बारा महिने चालू असतं. चांगल्या कागदाचं कटिंग उरलेलं असतं त्यांच्याकडे, पट्ट्या पट्ट्या, सरावाला तशाच लागतात. आणि आखणीला ग्राफ पेपर. आपल्याकडे चादरीची जेकार्ड डिझाइन ग्राफवर काढणारी माणसं गल्लोगल्ली होती, त्यामुळे ग्राफ पेपर म्हटल्यावर सोलापूरकराला नवीन काही नाही. तो ग्राफ सरावाच्या कागदाखाली ठेवायचा, खाली काचेचं टेबल आणि मोबाइलचा टॉर्च असला की रेघा वर दिसतात, रोज पट्टी घेऊन आखत बसायची कटकट नको.

आखणी कशी ठरवायची, निबेवरून. निब आडवी ठेवून एकावर एक पायरीसारखे छोटे चौकोन काढा. शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंत मी पाच चौकोन घेतो, वर मात्रा-वेलांटीला दोन, खाली उकाराला दोन. ३ मि.मी.ची निब असेल तर अक्षर १५ मि.मी., वर ६, खाली ६. पाच हा काही कायदा नाही, चार घेतले तर अक्षर ठसठशीत, सहा-सात घेतले तर सडपातळ होतं, पण सुरुवातीला एकच माप धरा आणि बदलू नका. निब बदलली की आखणी बदलली, हे लोक विसरतात, २ च्या निबेनं ३ च्या आखणीत लिहितात आणि मग म्हणतात अक्षर मरतुकडं का येलालंय सर.

आता हात. पहिल्यांदा अक्षर नाही, रेघा. उभी, आडवी, दोन्ही तिरक्या, डावा अर्धगोल, उजवा अर्धगोल आणि गाठ, एवढ्यात जवळजवळ सगळी देवनागरी बसते. रेघ काढताना बोटं वळवू नका, कोपरापासून पूर्ण हात सरकला पाहिजे, टोकाचा कोन पूर्ण रेघेत तोच. अर्धगोलात हे बिघडतं, वळणावर बोटं नकळत पेन फिरवतात आणि गोल सगळीकडे एकसारखा जाड होतो, फुगलेल्या नळीसारखा. कोन तोच ठेवला तर जाड-बारीक आपोआप होतं, तुम्ही करायचं नाही. दाब पण नाही, कागदाच्या मागून हात फिरवला तर रेघेचा उठाव लागता कामा नये.

मग अक्षरं बाराखडीच्या क्रमानं घेऊ नका. घराण्यानं घ्या. व आला की ब आला, त्यालाच उजवं वळण दिलं की क. प मधून ष, फ. ट मधून ठ, ढ. र मधून स, आणि र-व शेजारी आले की ख. असं केलं की एका वळणाचा सराव चार अक्षरांत होतो. व हे अक्षर मी सगळ्यात जास्त लिहायला लावतो. त्याचं पोट डावीकडे वर भरायला पाहिजे, खाली डावीकडे बारीक होत जाऊन पुन्हा कान्याला मिळताना भरायला पाहिजे. हे एक अक्षर नीट आलं म्हणजे कोन हातात बसला. नाही आलं तर पुढे जाऊन उपयोग नाही, तेच दुखणं क मध्ये पण येणार.

नमुना म्हणून कॉम्प्युटरचा फॉन्ट समोर ठेवू नका. बऱ्याच फॉन्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे असतात. मराठीत पाकळीचा ल आणि देठाचा श, २००९च्या शासन निर्णयात वर्णमाला ठरवून दिली त्यात हेच आहेत. लग्नाच्या पाकिटावर शहा, शिंदे, लोखंडे नावं येणारच, तिथं हा फरक ठळक दिसतो. जुन्या पोथ्यांची पानं बघा, मिळाली तर. समर्थांनी दासबोधात लेखनक्रियेवर एक पूर्ण समास लिहिलाय, एकोणिसाव्या दशकातला पहिलाच, अक्षर वाटोळं, सरळ, मोकळं असावं, ग्रंथाच्या पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत सगळं एकाच टाकानं लिहिल्यासारखं वाटावं असं त्यात सांगितलंय. भक्ती बाजूला ठेवून नुसतं कामाची माहिती म्हणून वाचलं तरी आजच्या विद्यार्थ्याला पुरेल.

सुलेखनकार अच्युत पालवांचं काम बघून बरेचजण येतात, २०२५ला पद्मश्री जाहीर झाल्यावर तर जास्तच. जरूर बघा, पण मोठ्या ब्रशचे ते फटकारे कॉपी करून सुरुवात करू नका. त्या मोकळेपणाखाली किती वर्षांची शिस्त आहे ते फटकाऱ्यात दिसत नाही. आणि कमल शेडग्यांच्या नाटकांच्या टायटलांसारखं करायचं असेल तर ते वेगळं काम, ती अक्षरं काढलेली असतात, पेन्सिलीनं आकार ठरवून मग भरलेली, आम्ही बोर्डवाले तेच करायचो. कॅलिग्राफीत अक्षर एका हातासरशी लिहायचं, मागून दुरुस्ती नाही. दोन्ही चांगलं, फक्त आपण काय करतोय ते माहीत पाहिजे.

शिरोरेषा शेवटी द्या, पूर्ण शब्द लिहून झाल्यावर, एका दमात. मोडीत उलटं असतं, तिथं आधी ओळभर रेघ मारून घ्यायची आणि मग अक्षरं तिला लटकवायची. देवनागरीत शेवटी दिली की अंतर जमवायला वाव मिळतो. माझ्याकडे सोलापूरच्या पूर्व भागातली तेलुगू घरांतली मुलं येतात, त्यांच्या लिपीत शिरोरेषाच नाही, गोलाई मात्र त्यांच्या हातात जन्मजात असल्यासारखी, व-ब पटकन येतात आणि शिरोरेषा डोंगरासारखी वर-खाली जाते. ती पट्टी लावून नाही सुधारत, नजर पेनच्या टोकावर न ठेवता रेघ जिथं संपणार तिथं ठेवली की सुधारते. आणि थ, ध, भ वर ती तोडायला विसरू नका. सलग ओढली की माधवरावांचे माघवराव होतात आणि भारतीताईंची मारती, पाकिटावर हे झालं तर लग्नातच ऐकवतील.

अक्षर मुळात वाईट आहे म्हणालात त्यानं काही बिघडत नाही. रोजचं अक्षर घाईचं असतं, बोटांच्या सवयीचं. हे दुसरं काम आहे, इथं आपण सेकंदाला एक रेघ पण काढत नाही. माझ्या अनुभवात सुंदर हस्ताक्षरवाल्यांनाच जास्त त्रास होतो, त्यांची वळणं पक्की झालेली असतात, ती सुटत नाहीत. क्लासचं म्हणाल तर लावायचा असेल तर लावा पण आधी विचारा देवनागरीसाठी टोकाचा काप कुठल्या बाजूचा वापरता. उत्तर गडबडलं तर दुसरीकडे बघा. रोज वीस मिनिटं रविवारच्या तीन तासांपेक्षा कितीतरी बरी, हात थकला की कोन जातो आणि चुकीचीच सवय लागते. कागदांवर तारीख घाला, फेकू नका.

आता लग्न. मार्गशीर्षाला वेळ आहे पण पूर्ण पत्रिका लिहायचा विचार करू नका, पाकिटांवरची नावंच धरा, तेवढंही पुष्कळ आहे. सरावाला एक शब्द देतो, सिद्धेश्वर. आपल्या गावात हे नाव प्रत्येक गल्लीत सापडतं, यादीत दोन-चार असतीलच, आणि या एका शब्दात वेलांटी, मात्रा, द्ध, श्व, र सगळी अवघड मंडळी एकत्र येतात. पहिली वेलांटी: काना द्या, स लिहा, वरची कमान शेवटी, म्हणजे ती स च्या कान्यावर नेमकी येऊन थांबते, आखूड किंवा लांब होत नाही. द्ध मध्ये ध द च्या पोटाखाली येतो, त्याला खालच्या दोन चौकोनांत बसवायला आकार लहान करा पण निब तीच ठेवा, बारीक निबेनं केलं की तो उपरा दिसतो. श्व मध्ये श आणि व एकमेकांना चिकटू देऊ नका, मधे निबभर पांढरं सोडा. अंतर मोजून जमत नाही, कान्याचं अक्षर कान्याशेजारी आलं की जास्त जागा लागते, गोल अक्षर शेजारी आलं की कमी. लिहिलेला कागद उलटा करून लांब धरा, वाचता येत नाही तेव्हा भोकं आणि गर्दी लगेच दिसतात.

पाकिटं छापून आली की सगळ्यांवर सुटायच्या आधी एका पाकिटावर पाण्याचा थेंब टाका. लगेच आत शिरला तर शाई फुटणार, तिथं पोस्टर कलर जरा घट्ट करून वापरा. थेंब मोत्यासारखा वरच राहिला तर कागदावर कोटिंग आहे, पाण्याची शाई धरणार नाही, हात लागला की पुसली जाईल. मग एकतर प्रेसवाल्याला सांगून बिनकोटिंगची पाकिटं घ्या, आणि हे ऑर्डर देतानाच सांगा, नंतर तो ऐकत नाही, किंवा तेवढ्यापुरता कायम शाईचा मार्कर तिरका कापून वापरा. नावं दोन-तीन दिवसांत विभागून लिहा, शंभराला दहा-पंधरा पाकिटं जास्तीची ठेवा, आणि यादी आधी दोघांनी वाचून घ्या. आडनावाची वेलांटी पहिली की दुसरी ते त्या घरच्या माणसालाच विचारलेलं बरं.